वाढणाऱ्याचं पोट

घोटवळ गावात नासकं-शिळं खाल्लं, तर पोट खाणाऱ्याचं बिघडत नाही, वाढणाऱ्याचं बिघडतं.

असं कधीपासून आहे हे कुणालाच सांगता येत नाही. नगरपरिषद होण्याच्या आधीपासून आहे, एवढं नक्की. ज्याच्या हातून अन्न पानात पडलं त्याच्या पोटात कळ उठते. ज्यानं रांधलं त्याचा संबंध नाही, ज्यानं गिळलं त्याचा तर नाहीच नाही. आपल्या हातानं घेऊन खाल्लं तर मात्र इतर गावांसारखंच, ज्याचं त्याला. त्यामुळे घोटवळात आग्रह ही धाडसाची गोष्ट समजली जाते. जावयाच्या पानात तिसरी जिलबी टाकणाऱ्या सासूबद्दल गाव वर्षभर आदरानं बोलतं. नको असलेला पाहुणा आला तर लोक त्याच्यापुढे भांडी ठेवतात आणि म्हणतात, "घ्या हातानं, घरचंच आहे." पाहुण्याला काय समजायचं ते समजतं. डॉक्टर नसीम मुजावर यांच्या दवाखान्यात कुणी पोट धरून आलं, की "काय खाल्लंत?" असं त्या विचारत नाहीत. "कुणाला वाढलंत?" असं विचारतात.

घरात हे ओझं आईकडे जातं आणि त्याची कुठे चर्चा होत नाही. खानावळीत मात्र पगारी माणूस ठेवावा लागतो. त्याला वाढपी म्हणतात.

एसटी स्टँडच्या मागे रंगनाथशेट कोठुळे यांची खानावळ होती. तिथे जेवून आजवर एकही गिऱ्हाईक आजारी पडलेलं नव्हतं, आणि हे अक्षरशः खरं होतं. नगरपरिषदेच्या आरोग्य समितीचा 'आदर्श भोजनालय' करंडक दर वर्षी कोठुळ्यांनाच मिळायचा. गल्ल्यामागच्या फळीवर ते करंडक ओळीनं मांडलेले होते आणि त्यांच्या कडेनं झुरळं फिरायची. वाढपी तेवढा टिकत नव्हता.

द्वारका सोनटक्के तिथे कामाला लागली तेव्हा तिनं पंचेचाळिशी ओलांडली होती. शाळेत असताना ती गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली आली होती. ते ती विसरली नव्हती आणि दुसऱ्या कुणाला विसरूही देत नव्हती. तिचा नवरा मधुकर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. शॉक बसला तरी आवाज न चढवणारा माणूस. घरातलं ओरडण्याचं काम सगळं द्वारकेकडे होतं. आपण लहानपणी पैजेवर कच्चं वांगं देठासकट खाल्लंय आणि पाटाचं पाणी प्यायलोय, तेव्हा आपल्या पोटाला काही होत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"तिथं नको जाऊस," मधुकर म्हणाला. "आधीचा वाढपी पुण्याला पळाला. म्हणतो, तिथं निदान आपण खाल्लेलंच आपल्याला बाधतं."

"त्याचं पोट त्याचं, माझं पोट माझं."

"तोच तर सगळा घोळ आहे ना," मधुकर म्हणाला आणि मोटारीत पडलेला स्क्रू शोधायला लागला.

सुरुवातीला बारीकसारीक मुरडा यायचा. द्वारका ओवा चावायची आणि कुणाला बोलायची नाही. मग गावच्या कबड्डी संघानं तालुक्याचा सामना जिंकला आणि पोरं खानावळीत जेवायला आली. आचारी शिरपतनं कोंबडीचा रस्सा सकाळीच करून ठेवला होता. तो टोप दिवसभर ओट्यावर झाकून राहिला आणि संध्याकाळी शिरपतनं त्याला जेमतेम चटका दिला. पोरांनी वाट्यांवर वाट्या मागितल्या. द्वारकेनं वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात रांगोळी घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. एका जेवणाऱ्याची कळ तिला ठाऊक होती. ही अख्ख्या संघाची होती, राखीव खेळाडू धरून. मधुकरनं तिला रिक्षात घालून मुजावरबाईंच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. अंगात ताप, ओठ कोरडे, आणि पोटात कुणीतरी पिळा घालून कपडे पिळतंय असं दर थोड्या वेळानं वाटायचं.

दुपारी संघ भेटायला आला. पोरं न्हाऊन-धुऊन, केस विंचरून आली होती. सगळ्यांचे चेहरे टवटवीत. त्यांनी शहाळी आणली होती.

"काकू, रस्सा एक नंबर होता," कप्तान म्हणाला. "आमच्यातल्या एकालासुद्धा काही झालं नाही."

"कळलं मला ते," द्वारका म्हणाली.

"तुमचे लई उपकार आहेत. पुढची मॅच जिंकलो की परत तुमच्याच हातचं जेवणार." मागच्या एका पोरानं ढेकर दिला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

पोरं गेल्यावर द्वारकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मधुकरला वाटलं, फार दुखतंय. दुखत होतंच, पण पाणी रागाचं होतं. पोरं मनापासून आभार मानत होती, त्याचा तो राग होता. आभार मानले की हिशेब मिटतो असं सगळ्या गावाला वाटत होतं, आणि कालपर्यंत तिलाही तसंच वाटत आलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर सलाइन बघायला आल्या तेव्हा तिनं विचारलं, "वास तर चांगला येत होता हो. मी स्वतः हुंगला होता. मग कसं?"

"वासानं कळत नाही, द्वारकाताई," मुजावरबाई म्हणाल्या. "चवीनंही नाही. अन्न कोमट राहिलं की त्यात जंतू वाढतात. एकदम गरम ठेवा नाहीतर एकदम गार ठेवा, मधल्यामध्ये ठेवू नका. परत गरम करायचं तर खदखदून उकळी यायला हवी, नुसता वाफारा नाही. आणि सगळ्यात आधी हात. साबणानं, घासून. संडासाहून आल्यावर, कच्च्या कोंबडीला हात लावल्यावर, नाक शिंकरल्यावर."

"शिरपत नाक शिंकरून धोतराला पुसतो."

"ते तुम्ही मला सांगून काय उपयोग? तुम्ही त्याला सांगा."

"मी कोण सांगणारी? मी वाढपी."

"म्हणजे तुम्हीच," डॉक्टर म्हणाल्या आणि पलीकडच्या खाटेकडे वळल्या. तिथली बाई बारशाला पाहुण्यांना वाढून आली होती.

द्वारका पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. ती म्हणजे कोण, याचा विचार तिनं बऱ्याच वर्षांत केला नव्हता.

ती परत कामावर येईल असं कोठुळ्यांना वाटलं नव्हतं. ती आली. डाव हातात घेतला, तो साबणानं धुतला, आणि गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शेट, मी काम सोडत नाही. वाढणार मीच. पण पातेल्यात काय आहे ते बघून वाढणार. जे पोटात घ्यायची माझी तयारी आहे तेवढंच पानात पडेल."

कोठुळे चांगले उंच, मिशाळ गृहस्थ होते. आवाज न चढवता माणसाला गप्प करायची त्यांना सवय होती. "द्वारकाबाई, असं नसतं," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "वाढप्यानं वाढायचं असतं. बघायचं नसतं."

"मग डोळे मिटून वाढणारा माणूस शोधा."

"माझ्याकडे आजवर एकही गिऱ्हाईक आजारी पडलेलं नाही."

"सगळ्या गिऱ्हाइकांचं मिळून मी आजारी पडले होते. आता नाही पडणार."

आणि ती स्वयंपाकघरात गेली. शिरपत ज्या फळीवर कोंबडी तोडत होता त्याच फळीवर कोशिंबिरीची काकडी चिरायला घेत होता. द्वारकेनं काकडी उचलली.

"कोंबडीची फळी वेगळी, काकडीची वेगळी. सुरी पण वेगळी."

"बाई, मी बापाच्या हाताखाली शिकलोय," शिरपत म्हणाला. "त्यो एकाच फळीवर समदं करायचा. कुनाची तक्रार न्हाई आली."

"बापानं कधी कुणाला वाढलं होतं?"

शिरपतनं जरा आठवून पाहिलं. "न्हाई. वाढायला मामा असायचा."

"मामाचं काय झालं?"

शिरपतनं फळी नळाखाली धरली.

त्या दिवसापासून कोठुळ्यांच्या खानावळीत जेवण उशिरा मिळायला लागलं. आमटीला उकळी आली नाही तर द्वारका डाव उचलायचीच नाही. सकाळचा उरलेला भात परातीत पसरून गार करून फ्रीजमध्ये गेला असेल तरच दुसऱ्या वेळी फोडणीला यायचा, नाहीतर म्हशीला. ओटा पुसायचं, ताटं पुसायचं आणि शिरपतनं घाम पुसायचं फडकं एकच होतं. ते तिनं चिमटीत धरून चुलीत घातलं आणि जळेपर्यंत तिथे उभी राहिली. गिऱ्हाइकं ताटं वाजवायची.

"अहो ताई, आम्हाला चालतं, वाढा!" एक बस कंडक्टर ओरडला.

"तुम्हाला चालणारच," द्वारका म्हणाली.

लोक चिडले. अर्धी गिऱ्हाइकं पलीकडच्या खानावळीत जायला लागली. तिथे नवा वाढपी होता, तब्येतीनं बरा होता आणि काही विचारत नव्हता. कोठुळ्यांना तिला काढून टाकता येत होतं. पण तिच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं, आणि स्वतः डाव हातात घ्यायचा विचार त्यांच्या घराण्यात कधी कुणी केला नव्हता. शेवटी त्यांनी नगरपरिषदेकडे तक्रार दिली.

आरोग्य समितीची बैठक भरली. सभापती निवृत्ती वाकचौरे मध्ये बसले होते. त्यांनी चष्मा लावला.

"तक्रार अशी आहे की सदर वाढपी वाढत नाहीत."

"वाढते," द्वारका म्हणाली. "बघून वाढते."

"बघण्याचा अधिकार वाढप्याला कुठे दिलेला आहे?"

सदस्यांनी शोधाशोध केली. कुठेही दिलेला नव्हता. एका सदस्यानं निदर्शनास आणलं की तो कुठे नाकारलेलाही नाही. सभापतींनी याची नोंद घ्यायला सांगितली. मग वाढपी आणि कळ यांची फारकत करता येईल का, यावर चर्चा झाली. लांब दांड्याचा डाव पूर्वी वापरून पाहिला होता. कळ तेवढीच आली, फक्त पोचायला जरा उशीर झाला. वाढायचं यंत्र आणलं होतं. बटण दाबणाऱ्याला ॲडमिट करावं लागलं. एका सदस्यानं सुचवलं की माकड शिकवावं. त्यावर सभापती गंभीर झाले आणि म्हणाले, मुक्या जनावराला असा त्रास देणं कायद्यात बसत नाही. सूचना एकमतानं फेटाळण्यात आली.

"मी मुकी नाही, म्हणून बसतं का?" द्वारकेनं विचारलं.

"बाई, विषय भरकटवू नका," वाकचौरे म्हणाले. "पोटात घेणं हे तुमच्या कामाचं स्वरूपच आहे. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. वाढा, नाहीतर काम सोडा."

"दोन्ही नाही."

"तिसरा पर्याय ठरावात नाही."

"मग घाला."

सभापतींनी सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी पंख्याकडे पाहिलं. विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाला. बाहेर पायरीवर मधुकर थांबला होता.

"काय झालं?"

"काही नाही झालं," द्वारका म्हणाली. "उद्या परत जाणार कामावर."

मधुकरनं तिच्या हातातली पिशवी घेतली. बराच वेळ चालल्यावर तो म्हणाला, "लोक मला विचारतात, बायकोला जरा समजाव."

"मग?"

"मी म्हणतो, मला ती समजली की समजावतो." द्वारकेला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही.

मे महिन्यात करंडकाचा कार्यक्रम आला. कोठुळ्यांनी या वर्षी तो आपल्याच अंगणात ठेवला. मांडव घातला, गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांना जेवायला बोलावलं, आणि खास बासुंदीचा बेत केला. एवढ्या लोकांसमोर ही बाई नाही म्हणूच शकणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी तो शिरपतला बोलूनही दाखवला.

बासुंदी आदल्या संध्याकाळी आटवून ठेवली होती. एवढं मोठं पातेलं फ्रीजमध्ये मावलं नाही, म्हणून ते कोठीघरात झाकून राहिलं. सकाळी कोठीघराची भिंत हाताला गरम लागत होती. द्वारकेनं झाकण उघडलं. वास छान येत होता, वेलदोड्याचा. वर चारोळ्या तरंगत होत्या.

"चारोळ्या कुणी कालवल्या?"

"म्या. रातीच," शिरपत म्हणाला. त्यानं उजवा हात पाठीमागे नेला.

"हात दाखव."

त्याच्या बोटाला नखुरडं झालं होतं. टरारून सुजलं होतं आणि कडेला पिवळं दिसत होतं.

"याला काल चिंधी बांधली होतीस ना?"

"व्हती."

"कुठाय?"

शिरपतनं आधी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

द्वारकेनं झाकण परत ठेवलं आणि ती मांडवात आली. पंगत बसली होती. पानं मांडलेली, मीठ-लिंबू वाढलेलं, उदबत्ती लावलेली. डावीकडे डॉक्टर मुजावर होत्या, समोर मधोमध सभापती वाकचौरे. द्वारकेनं ओगराळं टेबलावर पालथं घातलं.

"भात-आमटी आत्ता चुलीवरून उतरलीय, ती वाढते. बासुंदी वाढणार नाही."

मांडवात कुजबुज झाली. कोठुळे हसत हसत पुढे आले, पण मिशीखाली ओठ घट्ट मिटले होते. "द्वारकाबाई, आजचं जेवणच बासुंदीचं आहे. लोक त्यासाठी आलेत."

"दुसऱ्या कुणाला सांगा वाढायला."

कोठुळ्यांनी ओगराळं उचललं आणि शिरपतपुढे धरलं. "मी रांधनारा," शिरपत म्हणाला, "माझं काम रांधायचं." त्यांनी ते सभापतींपुढे धरलं. वाकचौरे म्हणाले की आज ते प्रमुख पाहुणे आहेत आणि पाहुण्यानं वाढणं शिष्टाचाराला धरून नाही. कबड्डीच्या कप्तानानं बुटांची नाडी बांधायला घेतली. आपापल्या हातानं घ्या, असं कुणीतरी मागून सुचवलं. पातेलं मांडवाच्या मध्ये आणून ठेवलं. झाकण काढलं. एकही हात पुढे आला नाही.

"उकळून घेऊ या का पुन्हा?" कोठुळ्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"जंतू मरतील, पण त्यांनी केलेलं विष राहील," मुजावरबाई म्हणाल्या. "असलं विष उकळून जात नाही."

आता सगळे द्वारकेकडे बघत होते. तिच्या लक्षात आलं की आपण नुसतं उभं राहिलो तर हे लोक तासभर असेच बघत राहतील, आणि मग कुणीतरी म्हणेल, एवढ्या वेळेला वाढा, ताई. आणि पोरं शहाळी घेऊन येतील. तिनं पदर खोचला, पंगतीतल्या एका मोकळ्या पाटावर जाऊन बसली आणि पुढ्यातलं पान पाणी शिंपडून पुसलं.

"शेट," ती म्हणाली, "मला वाढा. तुमच्या हातानं."

घोटवळात वाढप्याला कुणी वाढत नाही. तशी वेळच येत नाही.

कोठुळ्यांना भित्रा कुणी म्हटलं नसतं. त्यांनी सगळ्या मांडवावरून एकदा नजर फिरवली. "माझ्या खानावळीत आजवर कुणी आजारी पडलेलं नाही," ते म्हणाले, आणि ओगराळं भरून तिच्या पानातल्या द्रोणात बासुंदी ओतली.

द्वारकेनं द्रोण उचलला. काही होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती चिंधी डोळ्यांपुढून जात नव्हती. ती प्यायली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

"चांगली झालीय. वेलदोडा जरा जास्त."

"अजून घ्या."

दुसरा द्रोणही तिनं संपवला. मग तिला कोठुळ्यांच्या कपाळावरचा घाम दिसला आणि तिच्या मनात काहीतरी हललं. तिनं पानावर हात आडवा धरला. "पुरे, शेट. झालं माझं."

कोठुळ्यांना ती दया दिसली. तीच त्यांना सोसली नाही. "असं कसं? आमच्याकडे आग्रहाची पद्धत आहे," ते म्हणाले आणि तिच्या बोटांवरूनच तिसरं ओगराळं ओतलं. मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं न राहवून "वा!" म्हटलं. द्वारका त्यांच्याकडे बघतच राहिली. माणूस आपल्यासारखाच आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं तिसराही द्रोण रिकामा केला. आग्रहाला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

मग सगळे थांबून राहिले. मध्ये वेळ रिकामा नको म्हणून सभापतींनी भाषण सुरू केलं. खानावळीची स्वच्छता, गावाची परंपरा, गिऱ्हाइकांचं आरोग्य, असं ते बोलत गेले. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा कोठुळ्यांच्या चेहऱ्यावर होत्या. चेहरा आधी लाल झाला, मग मेणासारखा दिसायला लागला. "आणि म्हणून हा करंडक यंदाही," असं म्हणत वाकचौऱ्यांनी करंडक पुढे केला. कोठुळ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाकून नमस्कार केला, करंडक हळूच जमिनीवर ठेवला, आणि मागच्या दाराकडे चालत गेले. पळाले नाहीत. दाराआड गेल्यावर मात्र पळाल्याचा आवाज आला. भाषण संपलं होतं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर त्यांच्यामागे गेल्या. द्वारका उठली. तिनं आणि मधुकरनं पातेलं दोन्ही कड्यांना धरून मागच्या खड्ड्यात ओतलं आणि वर माती लोटली. शिरपतला तिनं बोट बरं होईपर्यंत स्वयंपाकघराबाहेर, लाकडं फोडायला बसवलं. मघाची भात-आमटी एव्हाना कोमट झाली होती. आमटी खदखदेपर्यंत परत चुलीवर चढली. भात बाद केला आणि नवा टाकला.

"तोवर हात धुऊन घ्या सगळ्यांनी," ती मांडवात येऊन म्हणाली. "साबण नळाशी आहे."

"आम्ही धुऊन आलोय," वाकचौरे म्हणाले.

"कधी?"

सभापतींनी जरा विचार केला आणि ते रांगेत उभे राहिले.

भात झाला तेव्हा उन्हं कलली होती. सगळ्यांना सपाटून भूक लागली होती. वाफा निघत होत्या. द्वारकेनं एकेकाला वाढलं, आणि कुणी मागितलं नाही तरी दुसऱ्यांदा वाढलं.

कोठुळे काही दिवस अंथरुणावर होते. ते उठले की एकतर द्वारकेला काढून टाकतील नाहीतर तिची माफी मागतील, असं गावात बोललं जात होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. एका सकाळी ते गालफडं बसलेल्या चेहऱ्यानं खानावळीत आले, गल्ल्यावर न बसता सरळ मोरीत गेले, कोपरापर्यंत हात धुतले आणि कमरेला पंचा बांधून दुसरा डाव उचलला.

"डाव्या बाजूच्या टेबलांना मी वाढणार."

"कशाला, शेट?"

"नाहीतर म्हणाल, घाबरला."

"मी नाही म्हणणार."

"गाव म्हणेल."

द्वारकेनं त्यांना जागा करून दिली. स्वयंपाकघर दोन दिवसांत बदललं. मालकाचंच पोट मध्ये आलं म्हटल्यावर दुसरा फ्रीज आला, पिण्याच्या पाण्याची टाकी उपसून घासली गेली, मोरीची तुंबलेली नळी फोडून नवी घातली. कोठुळे तिच्यापेक्षा कडक निघाले. शिरपत कामावर परतला तर त्यांनी त्याला दारातच अडवून बोट उजेडात धरून पाहिलं. दूधवाल्याचा कॅन हुंगायचे नाहीत, हुंगून कळत नाही असं त्यालाच ऐकवायचे, आणि दूध आपल्यासमोर उकळायला लावायचे. जेवण आणखी उशिरा मिळायला लागलं. तरी गिऱ्हाइकं परत आली, कारण पलीकडच्या खानावळीचा वाढपी पुण्याला गेला होता. तहकूब झालेला विषय समितीपुढे पुन्हा कुणी काढला नाही.

एका दुपारी, बाजाराचा दिवस होता, खानावळ गच्च भरलेली. द्वारकेनं फ्रीजमधला भात परत गरम करून त्याचं पातेलं उतरवून आणलं आणि आपल्या बाजूच्या एका पानात तो वाढला. कोठुळ्यांनी त्याच पातेल्याला उलटा हात लावला. डाव खाली ठेवला.

"हा कोमट आहे. मी नाही वाढणार."

"गरम आहे, शेट. आत्ता उतरवलाय मी."

"तळाला गरम असेल. वरच्या कडेला हात लावा."

"मी एवढ्या दिवसांत कधी कोमट वाढलाय?"

"मला काय माहीत? मी नाही वाढणार."

टेबलांवर ताटं वाजायला लागली. द्वारकेच्या कानशिलांपर्यंत राग चढला. सगळ्या खानावळीसमोर, तिच्याच पातेल्यावरून. तिनं तोंड उघडलं, मग कडेला हात लावला, आणि तोंड मिटलं. जिच्या पानात तिनं भात वाढला होता ती बाजाराला आलेली बाई पहिला घास उचलत होती. द्वारकेनं तिच्या हातातून घास काढून घेतला आणि पान उचललं.

"अहो, जेवू द्या की!" बाई म्हणाली.

"थांबा जरा."

तिनं पातेलं परत चुलीवर चढवलं, पाण्याचा हबका मारला, झाकण लावलं. कोठुळे शेजारी येऊन उभे राहिले. दोघंही झाकणाकडे बघत राहिली. वाफ यायला वेळ लागत होता, आणि बाहेर लोक ओरडत होते.